खाडाखोडीसकट

रात्री उशिरा फोन उजळला. 'मॅडम, एक अगदीच बाळबोध शंका आहे, हसू नका.' माझ्याकडे अकाउंट्स आणि टॅक्स शिकणाऱ्या एका मुलाचा मेसेज होता. पाठोपाठ दुसरा आला, पण मी तो उघडेपर्यंत त्याच्या जागी मेसेज डिलीट केल्याची करडी ओळ तेवढी उरली होती. मी लिहिलं, 'अरे, विचार की.' वर 'टायपिंग' दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मग उत्तर आलं, 'नको मॅडम, कळलं मला.' सोबत एक हसरा चेहरा. आता अर्ध्या मिनिटात जमाखर्चातलं काही कळत नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण रात्रीच्या त्या वेळी कुणाला उलटतपासणीला उभं करणं बरं दिसलं नसतं. मी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ जागी राहिले.

काय विचारायचं असेल त्याला? मनातल्या मनात मी शक्यता मांडत बसले. भांडवल मालकाचं स्वतःचं असतं, मग ते ताळेबंदात देण्यांच्या बाजूला कसं? बँकेत पैसे भरले की माझ्या वहीत बँक नावे (डेबिट) पडते आणि बँक मात्र कळवते की तुमच्या खात्यात रक्कम जमा झाली. मग दोघांपैकी खरं कोण? घसारा, म्हणजे वापराने यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत, हा खर्च म्हणता, तर तो दिला कुणाला? बुडीत कर्जाची तरतूद केली म्हणजे तेवढे पैसे कुठं तरी बाजूला काढून ठेवले का? यातला एकही प्रश्न बाळबोध नाही. पहिल्या दोघांची उत्तरं एकाच ठिकाणी निघतात: वही कुणाची आहे ते आधी ठरवा. धंद्याची वही असेल तर मालकाने घातलेला पैसा हे धंद्याचं मालकाला देणं. बँकेची वही असेल तर माझी ठेव हे बँकेचं मला देणं. तिसऱ्या-चौथ्यात, खर्च होणं आणि पैसे हातातून जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत, ही या विषयातली सगळ्यात चिवट गाठ आहे. बाळबोध म्हणवले जाणारे हे प्रश्न विचारायला अवघड जातात, कारण ते विचारायची वेळ टळून गेलेली असते. चार प्रकरणं पुढं आल्यावर 'घसारा दिला कुणाला?' असं विचारायचं म्हणजे मधली चारही प्रकरणं नुसती हाताने सोडवली, डोक्यात काही उतरलं नव्हतं, हे कबूल करणं आलं. त्यापेक्षा डिलीट सोपं.

आणि हा विषय असा वाईट खोडीचा, की जिथं चुकलं तिथं दुखत नाही. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या शिलकांची यादी, जुळत नाही तेव्हा फरक दिसतो, म्हणा ५४०. मुलं ताबडतोब शेवटच्या पानावर झटापट सुरू करतात, बेरजा पुन्हा मारतात, कॅल्क्युलेटरवर संशय घेतात. चूक बसलेली असते कितीतरी पानं मागं. जुन्या मुरलेल्या लोकांकडे यावर दोन युक्त्या असतात. फरकाला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर अंकांची अदलाबदल झालेली असू शकते, १,७१० च्या जागी १,१७० उतरलेले असू शकतात. फरकाची निम्मी रक्कम शोधा. २७० ची एखादी नोंद नावेऐवजी जमेला गेली असेल, तर फरक नेमका दुप्पट पडतो. युक्त्या छान आहेत, मुलांना जादू वाटते. पण तेरीज जुळत नाही तोवर एक बरं असतं, काहीतरी बिघडलंय हे निदान कळतं. खरी पंचाईत जुळलेल्या तेरजेची. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंनी लिहायचाच राहिला, तेरीज जुळते. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यातच चढवला, तरी तेरीज जुळते. यंदाचा नफा फुगतो, त्यावरचा कर फुगतो, पुढच्या वर्षांचा घसाराही चुकत जातो आणि पानावर मात्र दोन्ही बेरजा एकमेकींकडे बघून समाधानाने बसलेल्या.

अडलंय हेच ज्याला कळत नाही, त्याने विचारायचं तरी काय?

मी शिकत होते तेव्हा आम्ही सगळे सरांकडे पक्क्या वह्या घेऊन जायचो. आखलेले रकाने, लाल शाईत मथळे, बेरजेखाली पट्टीने ओढलेल्या दोन रेघा. पान इतकं नेटकं की त्यावर शंका घ्यायला जागाच राहू नये. 'सर, पाचव्या गणिताचं उत्तर येत नाही,' असं म्हणून वही पुढं केली की सर ती न उघडता बाजूला सरकवायचे. 'कच्चं कुठंय?' कच्चं म्हणजे वहीची मागची पानं, पाठकोऱ्या कागदांच्या घड्या, पुस्तकाच्या समासात मारलेल्या बेरजा. ते दाखवायचं जीवावर यायचं. घरभर पसारा असताना पाहुणा दारात उभा राहावा, तसं व्हायचं. सर तो कागद टेबलावर सपाट करायचे, त्याच्यावरचा रबराचा भुगा हाताने झटकायचे आणि शिसपेन्सिलीच्या रेघोट्यांवरून बोट फिरवत वाचायला लागायचे. उत्तर कुठं चुकलं ते ते शोधत नसत. पेन्सिल कुठं जोरात दाबली गेली, कुठला आकडा लिहून खोडून पुन्हा तोच लिहिला, कुठं दोन ओळींची जागा सोडून पुढं उडी मारली, ते बघत. 'इथं तू थांबली होतीस. का थांबलीस?'

मला राग यायचा. मी पाचव्या गणितासाठी आले होते आणि हे मला माझ्या मागच्या आठवड्यात घेऊन चालले होते. 'आठवत नाही सर.' 'आठव. आगाऊ दिलेला विमा इथं तू आधी नफा-तोट्यात पूर्ण टाकलास, मग खोडलास, मग पुन्हा टाकलास. दोन्ही वेळा काय मनात आलं?' आणि मग सांगता सांगता, अर्ध्या वाक्यात, स्वतःलाच ऐकू यायचं की आपण काय समजत होतो. सर काही बोललेलेही नसायचे. खोलीत पंख्याचा आवाज, पानं फडफडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेलं पंचिंग मशीन आणि माझी अचानक गप्प झालेली तक्रार.

सर थोर होते वगैरे चित्र मला इथं रंगवायचं नाही. ते कंटाळवाणेही होते. परीक्षा तोंडावर असताना माणसाला कधी कधी नुसतं उत्तर हवं असतं आणि त्या वेळी 'तुला काय वाटतं?' हे ऐकून डोक्यात तिडीक जाते. अशा वेळी मी गुपचूप वरच्या वर्गातल्या एका मुलीकडे जायचे. ती फाडकन सांगायची, 'हे इकडे, ते तिकडे, पुढं चल.' तिचेही माझ्यावर उपकार आहेत. शॅरन नेल्सन-ले गॉल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये मदत मागण्याचे असेच दोन प्रकार वेगळे मांडले होते: माझं काम तू करून टाक म्हणून मागितलेली मदत, आणि पुढच्या वेळी मला एकटीला जमावं म्हणून मागितलेली. मांडणी मला पटते, पण प्रत्यक्षात एकाच मुलीच्या एकाच संध्याकाळी दोन्ही गरजा असतात आणि आपण कुठल्या दारात उभे आहोत हे तिलाही माहीत नसतं.

प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन जागी लिहायचा, त्या दुहेरी नोंद पद्धतीबद्दल बोलताना लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचं नाव येतंच. १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या गणिताच्या ग्रंथात हिशेब ठेवण्यावर एक प्रकरण होतं. पद्धत त्याने शोधली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती नीट लिहून काढली. त्याच्याबद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत. तरुणपणी तो व्हेनिसमधल्या अंतोनिओ रोंपियासी नावाच्या व्यापाऱ्याच्या तीन मुलांची शिकवणी घ्यायचा. म्हणजे आमचाच भाईबंद. त्याने सांगितलेल्या वह्या तीन. खात्यांनुसार मांडलेली खातेवही शेवटची, तिच्याआधी तारखेनुसार लिहिलेली रोजकीर्द आणि सगळ्यांच्या आधी एक कच्ची वही. तिच्यात जे घडेल ते घडेल तसं, ज्या नाण्यात व्यवहार झाला त्याच नाण्यात, घरातल्या ज्याला लिहिता येईल त्याने टिपायचं. मग त्यातून रोजकीर्द आणि रोजकिर्दीवरून खातेवही. पुढं तो असंही सांगतो की खातेवहीत नोंद चुकीच्या जागी पडली तर तेवढ्याच रकमेची उलट नोंद विरुद्ध बाजूला करावी आणि तिच्यावर खूण करावी. मूळची चूक आहे तिथंच राहते, वाचता येते. आजही आपण दुरुस्तीची नोंद करतो ती याच वळणाची. खोडलेल्या आकड्याकडे ऑडिटर ज्या नजरेने बघतो, ती नजर ज्याने एकदा पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

गंमत बघा, की चूक पुसू नका असं पहिल्या आठवड्यात शिकवणाऱ्या या विषयाच्या विद्यार्थ्यांकडे सगळ्यात झिजलेले खोडरबर असतात.

आर्थर ग्रेसर आणि नॅटली पर्सन या दोघांनी १९९४ मध्ये शिकवणीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गाच्या तुलनेत एकास-एक शिकवणीत विद्यार्थी सुमारे २४० पट जास्त प्रश्न विचारतात, असं त्यांना आढळलं. मला या आकड्याचं नवल वाटलं नाही. वर्गात हात वर करणं हा धाडसी खेळ आहे. नवल पुढच्या भागाचं वाटलं. प्रश्नांच्या संख्येचा आणि यशाचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो प्रश्नांच्या दर्जाशी, तोही शिकवणीची थोडी सवय झाल्यानंतर. विचारायचं कसं, हेही कुणीतरी अंगवळणी पाडावं लागतं. माझ्यापुरतं सांगायचं तर 'कळलं का?' हा जगातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न आहे आणि मी तो रोज विचारते. 'हो' म्हणणाऱ्यांचं मला काही कळत नाही. 'नाही, इथपर्यंत कळलं, पण ही रक्कम दुसऱ्यांदा का आली?' असं म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा हो म्हणणाऱ्यांच्या पुढं असतो.

टॅक्समध्ये 'का' विचारणं आणखी निराळं. अकाउंट्सचा 'का' धरून चालत गेलं की बहुधा तर्कापाशी पोचता येतं. टॅक्सचा 'का' कधी तर्कापाशी पोचतो, कधी एखाद्या राजाच्या रिकाम्या तिजोरीपाशी, तर कधी चक्क कॅलेंडरपाशी. कंपनीने भरलेला दंड तिच्या वहीत खर्चच असतो, पैसे खरोखर गेलेले असतात. तरी अनेक देशांचे करकायदे तो नफ्यातून वजा करू देत नाहीत. मुलं हे 'मिळवायच्या रकमा', म्हणजे करासाठी नफ्यात परत मिळवायचे खर्च, म्हणून पाठ करतात. पण एखादी विचारते, का नाही? आणि मग सांगता येतं, की तो वजा होऊ दिला तर कर तेवढा कमी होईल, म्हणजे शिक्षेचा एक हिस्सा सरकारनेच उचलल्यासारखं होईल. असा 'का' हाताला लागला की आख्खी यादी पाठ करायची गरज उरत नाही. दुसरीकडे ब्रिटनचं व्यक्तींसाठीचं करवर्ष ६ एप्रिलला का सुरू होतं, याचं मूळ शोधायला जुन्या काळी २५ मार्चला सुरू होणारं वर्ष आणि १७५२ मध्ये पंचांग बदलताना वगळलेले ११ दिवस, इतकं मागं जावं लागतं. तिथं तर्क काढत बसलात तर रात्र जाईल. कुठला 'का' कुठल्या जातीचा, हे विद्यार्थ्याला आधी कळायचं काही साधन नाही. ते शिकवणाऱ्याने सांगायचं असतं, आणि खरं सांगते, बरेचदा आम्हीही 'कायद्यात आहे म्हणून' एवढ्यावर भागवतो, कारण घड्याळ पुढं सरकत असतं.

शिवाय टॅक्सचा प्रश्न अर्धवट आणला तर त्याला उत्तरच नसतं. 'यावर कर लागतो का?' कुणाला? कुठल्या वर्षी? तो माणूस त्या वर्षी कुठला रहिवासी होता? मालमत्ता कधी घेतली होती? तोच व्यवहार, वर्ष बदललं की उत्तर बदलतं. मी 'थांब, बघून सांगते' म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटते, मॅडमना येत नाही वाटतं. मला तर फटकन उत्तर देणाऱ्यांचीच भीती वाटते. हल्ली विचारायला यंत्रही आहे, चॅटबॉट. ते हसत नाही, कंटाळत नाही, रात्री दोनलाही जागं असतं. ज्याला माणसासमोर लाज वाटते त्याला हा केवढा आधार आहे, हे मला मान्य आहे. फक्त त्यालाही लोक पक्की वहीच दाखवतात. प्रश्न घासूनपुसून टाकतात आणि तेवढ्याच घासलेल्या प्रश्नाचं उत्तर परत येतं. कधी ते मागच्या वर्षीच्या दराने येतं, कधी भलत्याच देशाच्या.

माझ्या बाजूचंही थोडं सांगायला हवं. उत्तर देण्यात सुख असतं. समोरचा चेहरा उजळतो, 'ओह' असा आवाज येतो, आपण हुशार आहोत हे आपल्याला पुन्हा एकदा कळतं. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात शिकवणाऱ्यांना समजावून सांगायला मनाई केली होती. त्यांनी फक्त मुलांना बोलतं करायचं. मुलं जवळपास तितकंच शिकली. हे वाचलं तेव्हा मला सर आठवले आणि त्याच वेळी थोडं लागलंही. म्हणजे माझी ती सुंदर स्पष्टीकरणं, फळ्यावरचे ते बाण, इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत केलेली उदाहरणं, ही सगळी बरीचशी माझ्याच समाधानासाठी होती की काय? मी अजून समजावून सांगते. पण मध्येच गप्प बसायचाही प्रयत्न करते, आणि ते समजावण्यापेक्षा अवघड आहे.

त्या मुलाला मी त्याचा गेलेला प्रश्न कधी विचारला नाही. काढून घेतलेली गोष्ट परत मागणं मला प्रशस्त वाटलं नाही. एक मात्र सुरू केलं, सगळ्यांसाठीच: शंका पाठवताना प्रश्न नीट लिहू नका, कच्च्या पानाचा फोटो पाठवा, आहे तसा. पहिल्यांदा मुलांनी कच्चं पान म्हणून नवीन, स्वच्छ, खास कच्चं दिसेल असं पान लिहून पाठवलं. हसावं की रडावं कळेना. मग हळूहळू खरी पानं यायला लागली. तिरकी, अंगठा मध्ये आलेली, एका कोपऱ्यात कुणाचा तरी फोन नंबर. एका मुलीच्या पानांवर तर समासात स्वतःशीच भांडण चाललेलं असतं. 'हे का??' 'परत तेच!' 'इथं २५ टक्के कशाचे?'

तिचं परवाचं पान डिफर्ड टॅक्सचं, म्हणजे पुढं ढकललेल्या कराचं होतं. यंत्राची किंमत १००. वहीत दहा वर्षांचा सारखा घसारा, म्हणजे पहिल्या वर्षाअखेर ९० उरले. करकायद्याने पहिल्याच वर्षी ४० वजा करू दिले, तिथं उरले ६०. फरक ३०, कराचा दर २५ टक्के, म्हणून ७.५ चं स्थगित कराचं देणं. सगळं बरोबर. आणि खाली, पेन्सिल मोडेल इतक्या जोरात: 'हे कुणाला द्यायचंय??' मी फोन केला. म्हटलं, कर खात्याला. आज कर कमी भरलास, कारण करासाठीचा घसारा आधीच वापरून टाकलास. पुढं तो कमी मिळेल, तेव्हा कर जास्त पडेल. ती म्हणाली, "पण कर खात्याने मागितलेत का ७.५?" नाही. "कंपनीने दरवर्षी नवीन यंत्र घेतलं तर हा आकडा कमी तरी होईल का?" वाढत्या कंपनीत वर्षानुवर्षं होणारही नाही. "आणि इतक्या वर्षांनी द्यायचे तर आजच्या किमतीत का नाही मोजत?" आंतरराष्ट्रीय लेखा मानक १२ तसं करू देत नाही, मी म्हटलं, आणि म्हणताना मलाच ते उत्तर तोकडं वाटलं.

मग मी तिला सांगितलं की हे भांडण तिच्या जन्माच्या आधीचं आहे. अमेरिकेत १९६७ च्या नियमाने ही रक्कम नेहमीच्या अर्थाने देणं मानलेली नव्हती. १९९२ च्या मानकाने ती देणं म्हणून मोजायला सांगितली. आजही ताळेबंद वाचणारे काही विश्लेषक तिला देण्यांतून बाहेर काढूनच आकडेमोड करतात.

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "म्हणजे १९६७ मध्ये माझं बरोबर होतं."

"परीक्षा आत्ता आहे," मी म्हटलं. "आत्ता देणंच लिहायचं."

"लिहीन की. पण मला पटलेलं नाही, हे तुम्ही कुठं तरी लिहून ठेवा."